नेटवर्किंगच्या कमिट्या 'हे काम आमचं' म्हणून का भांडतात

नेटवर्किंगच्या स्टँडर्डबद्दल बोलताना लोक सहसा टेक्निकल वादांबद्दल बोलतात, हे एन्कोडिंग बरं की ते, ही फ्रेम की ती. पण खरी डोकेफोड त्याच्या खूप आधी होऊन गेलेली असते, ड्राफ्टचं पहिलं पानही लिहिलेलं नसतं आणि वाद एवढाच चालू असतो की हे काम करायचं कोणी. त्या कामाची हद्द दोन-चार ओळींत लिहितात, त्याला सगळे स्कोप म्हणतात, आणि माझं मत विचाराल तर पुढच्या हजार पानांपेक्षा या दोन-चार ओळींचा परिणाम जास्त वर्षं टिकतो.

आधी कोण कोण आहे ते पटकन बघू. आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेची ८०२ ही कमिटी फेब्रुवारी १९८० मध्ये सुरू झाली, तिच्याकडे लोकल नेटवर्कचे खालचे थर. तिच्या पोटात परत वर्किंग ग्रुप आहेत, ८०२.३ म्हणजे इथरनेट, ८०२.११ म्हणजे वायफाय, ८०२.१५ म्हणजे ब्लूटूथसारखं जवळच्या अंतराचं वायरलेस, आणि ८०२.१ म्हणजे ब्रिजिंग आणि एकूण आर्किटेक्चर, थोडक्यात स्विचने फ्रेम, म्हणजे डेटाचं एकेक पाकीट, कुठून कुठे न्यायची ते. आयईटीएफ १९८६ पासून आहे, आयपी, राउटिंग आणि त्याच्या वरचं बरंच काही त्यांच्याकडे. आयटीयू-टी ही संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालची, तिथे देश सदस्य असतात आणि टेलिकॉम कंपन्यांची मोठमोठी ट्रान्सपोर्ट नेटवर्क हा त्यांचा जुना प्रांत. मोबाइलचं काम थ्रीजीपीपीकडे, १९९८ पासून.

कागदावर थरांचं चित्र काढलं की वाटतं काय अडचण आहे, एकाने खालचा थर घ्यावा दुसऱ्याने वरचा. अडचण ही की नवीन प्रॉब्लेम येतो तेव्हा त्याच्या कपाळावर थराचा नंबर लिहिलेला नसतो. डेटा सेंटरमध्ये शेकडो स्विच आहेत आणि त्यांच्यात सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचाय, तर हे स्विचिंग झालं की राउटिंग? दोन्ही बाजूंचे लोक शपथेवर सांगतील की आमचंच.

आयट्रिपलईमध्ये नवं काम काढायचं तर आधी प्रोजेक्ट ऑथोरायझेशन रिक्वेस्ट नावाचा अर्ज करावा लागतो, सगळे त्याला पार म्हणतात. त्यात स्कोप असतो, गरज काय ते असतं, आणि ८०२ मध्ये त्याच्या जोडीला आणखी पाच कसोट्यांची उत्तरं द्यावी लागतात : बाजार मोठा आहे का, आधीच्या स्टँडर्डशी जुळतं का, टेक्निकली जमेल का, खर्चात बसेल का, आणि पाचवी, जिच्यावरून सगळ्यात जास्त रामायण होतं ती म्हणजे वेगळी ओळख. म्हणजे हेच काम दुसरं कोणी आधीच करत नाहीये ना, हे पटवून द्यायचं. हा अर्ज वर्षातून तीनदा होणाऱ्या मोठ्या बैठकीच्या आधी बाकीच्या वर्किंग ग्रुपना वाचायला मिळतो, ते त्यावर शेरे मारतात, त्यांना उत्तरं द्यावी लागतात, मग ८०२ च्या एक्झिक्युटिव्ह कमिटीत मतदान आणि त्याच्याही वर आयट्रिपलईचं स्टँडर्ड बोर्ड. कंटाळवाणं वाटेल, पण शेजारच्या ग्रुपला 'थांबा, हे आमच्या हद्दीत येतंय' असं अधिकृतपणे म्हणायची हीच ती जागा.

आता भांडायचं कशाला, कोणीही केलं तरी स्टँडर्ड स्टँडर्डच ना? नाही हो. ८०२ च्या बहुतेक ग्रुपमध्ये मत कंपनीचं नसून माणसाचं असतं आणि ते बैठकांना हजर राहून कमवावं लागतं, आणि टेक्निकल ठराव पास व्हायला ७५ टक्के मतं लागतात. म्हणजे खोलीत पाव भागापेक्षा थोडे जास्त लोक विरोधात बसले की तुमचं काम ठप्प. मग ज्याची बाजू या खोलीत पडतेय तो काय करणार, दुसरी खोली शोधणार, किंवा नवीन खोली बांधून मागणार, आणि त्यासाठी त्याला सिद्ध करावं लागतं की आमचं काम या खोलीच्या स्कोपमध्ये मुळात बसतच नाही. गंमत म्हणजे कधीकधी विरोधकही नेमकं हेच म्हणत असतात, कारण त्यांना ही ब्याद आपल्या खोलीतून घालवायचीच असते.

याचं सगळ्यात भारी उदाहरण १०० मेगाबिटचं. १९९२ च्या सुमाराला इथरनेट १० मेगाबिटवर होतं आणि दहापट वेग हवा यावर कोणाचंच दुमत नव्हतं. एक गट म्हणाला इथरनेटची मूळ पद्धत तशीच ठेवू, म्हणजे आधी ऐकायचं, वायर मोकळी असेल तर बोलायचं, टक्कर झाली तर थांबून परत प्रयत्न करायचा, फक्त वेग वाढवू. दुसरा गट, एचपी आणि एटीअँडटीचा, म्हणाला की टक्कर हवीच कशाला, हबने प्रत्येकाला विचारावं कोणाला बोलायचंय आणि महत्त्वाच्या ट्रॅफिकला आधी सोडावं. टेक्निकली दुसरी कल्पना काही वाईट नव्हती, उलट आवाज आणि व्हिडिओसाठी चांगलीच होती. पण ८०२.३ च्या स्टँडर्डच्या नावातच ती ऐका-बोला-टक्कर पद्धत लिहिलेली होती. ज्यात ती पद्धत नाही ते ८०२.३ कसं, हा मुद्दा आला आणि शेवटी तोडगा असा निघाला की पहिल्या गटाने ८०२.३ मध्ये काम करायचं आणि दुसऱ्यासाठी ८०२.१२ हा नवीन ग्रुप. दोन्ही स्टँडर्ड १९९५ मध्ये आली. पहिल्या गटाचं ८०२.३यू जगभर पसरलं, ८०२.१२ काही वर्षांत विस्मरणात गेलं.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. २००२ मध्ये १० गिगाबिट इथरनेट आलं त्यात टक्कर वगैरे प्रकारच नव्हता, दोन्ही बाजू एकाच वेळी बिनधास्त बोलू शकतात. आणि २०१२ च्या आवृत्तीत स्टँडर्डचं नाव बदलून सरळ इथरनेट करून टाकलं. म्हणजे ज्या पद्धतीच्या नावाखाली एका गटाला दाराबाहेर ठेवलं ती पद्धत नंतर पाटीवरूनही गेली. हे लबाडीचं होतं असं मी म्हणणार नाही, ग्रुपला आपली ओळख कशात आहे हे त्या त्या वेळी ठरवावंच लागतं, पण स्कोप ही काही निसर्गाने आखलेली रेषा नाही एवढं यातून कळतं.

सगळेच वाद असे गाजत नाहीत, बहुतेक वेळा गाडी मुकाट्याने चालते आणि त्यातूनच कळतं की हद्द पाळायची म्हणजे काय. व्हीलॅनचं घ्या. व्हीलॅन म्हणजे एकाच नेटवर्कमध्ये वेगवेगळी नेटवर्क असल्यासारखं ट्रॅफिक वेगळं ठेवणं, ही कल्पना ८०२.१ ची, त्यांनी फ्रेममध्ये ४ बाइटचा टॅग घालायचं ठरवलं. पण फ्रेम जास्तीत जास्त किती मोठी असावी हे ठरवणार ८०२.३, आणि त्यांची मर्यादा १५१८ बाइट. टॅग घातला की पूर्ण भरलेली फ्रेम १५२२ ची होते, म्हणजे ८०२.३ च्या नियमाने बेकायदा! म्हणून १९९८ मध्ये ८०२.३ ला ८०२.३एसी ही वेगळी दुरुस्ती काढावी लागली, फक्त ४ बाइटसाठी. नंतर लोक टॅगवर टॅग चढवायला लागले तेव्हा २००६ मध्ये ८०२.३ ने ती मर्यादा एकदम २००० बाइटवर नेली, पण अट ही की वाढीव जागा टॅगसारख्या गोष्टींसाठी, डेटा अजून १५०० च. ९००० बाइटच्या जंबो फ्रेम चालणारी यंत्रं बरेच बनवणारे विकतात पण ८०२.३ ने त्यांना आजतागायत आपल्या स्टँडर्डमध्ये घेतलेलं नाही.

असंच प्रायोरिटी फ्लो कंट्रोलचं. समोरच्याला 'जरा थांब' सांगणारी पॉज फ्रेम ८०२.३ कडे १९९७ पासून होती, पण ती अख्खी लिंक थांबवते. डेटा सेंटरवाल्यांना फक्त एका प्रायोरिटीचं ट्रॅफिक थांबवायचं होतं, आणि प्रायोरिटी ही गोष्ट ८०२.१ ची. मग काय, २०११ मध्ये एकाच फीचरसाठी दोन स्टँडर्ड आली, फ्रेम कशी दिसेल ते ८०२.३बीडी मध्ये आणि ती आल्यावर वागायचं कसं ते ८०२.१क्यूबीबी मध्ये. चालू असलेली लांब फ्रेम मध्येच तोडून घाईची फ्रेम पुढे सोडायची सोय २०१६ मध्ये आली तीही अशीच फाळणी होऊन, ८०२.३बीआर आणि ८०२.१क्यूबीयू. नवीन इंजिनिअर वैतागतात की एक गोष्ट समजायला दोन कागद का वाचायचे, वैताग बरोबरच आहे, पण यात दोन ग्रुपनी एकमेकांच्या घरात न घुसता काम पूर्ण केलं हेही बघा.

आता घुसल्यावर काय होतं ते. शेताचा बांध दरवर्षी वीतभर कोरत जाणारा शेजारी असतो ना, स्कोपचं पुष्कळदा तसंच होतं, कोणी एका रात्रीत अख्खं शेत घेत नाही, एक पर्यायी फील्ड, एक छोटं एक्स्टेन्शन, मग त्याला लागणारं आणखी एक.

रेडिया पर्लमन यांचं नाव ऐकलं असेल, स्विचच्या जाळ्यात फ्रेम गोल गोल फिरू नये म्हणून वापरतात तो स्पॅनिंग ट्री त्यांचाच. त्यात काही लिंक मुद्दाम बंद ठेवाव्या लागतात, म्हणजे पैसे देऊन टाकलेली वायर नुसती पडून. त्यांनीच पुढे सुचवलं की स्विचनी राउटरसारखा रस्ता शोधावा आणि फ्रेमवर एक छोटं हेडर चढवून त्यात किती उड्या झाल्या ते मोजावं. ही कल्पना २००४ मध्ये आयट्रिपलईसमोर गेली आणि २००५ मध्ये नाकारली गेली. मग ती आयईटीएफमध्ये गेली, तिथे ट्रिल नावाचा ग्रुप झाला आणि २०११ मध्ये आरएफसी ६३२५ निघाला (आरएफसी म्हणजे आयईटीएफकडचे नंबर दिलेले जाहीर कागद). दरम्यान ८०२.१ ने स्वतःचं शॉर्टेस्ट पाथ ब्रिजिंग बनवलं, ८०२.१एक्यू, जे २०१२ मध्ये मंजूर झालं. दोघांचा प्रॉब्लेम तोच, दोघांनी रस्ता शोधायला वापरलेला प्रोटोकॉलही तोच, आयएस-आयएस, आणि तो मुळात तिसऱ्याच संस्थेचा म्हणजे आयएसओचा. इतकंच काय, ८०२.१ च्या पद्धतीला आयएस-आयएसमध्ये जी भर लागली ती आयईटीएफमध्ये आरएफसी ६३२९ म्हणून लिहिली गेली, आणि ट्रिलला फ्रेम ओळखायचा जो नंबर लागला, इथरटाइप, तो दिला आयट्रिपलईने. म्हणजे एकमेकांशिवाय दोघांचंही अडत होतं, तरी स्टँडर्ड दोन आणि एकमेकांशी न जुळणारी.

जिंकलं कोण विचाराल तर दोघांचंही म्हणावं तसं चाललं नाही. डेटा सेंटरवाल्यांनी व्हीएक्सलॅन धरलं, ज्यात अख्खी इथरनेट फ्रेम उचलून यूडीपीच्या, म्हणजे आयपीवर चालणाऱ्या एका साध्या प्रोटोकॉलच्या, पॅकेटमध्ये टाकतात, मधल्या राउटरना वाटतं साधं आयपी ट्रॅफिक चाललंय. त्याचं वर्णन आरएफसी ७३४८ मध्ये २०१४ साली आलं आणि तेही फक्त माहितीसाठी या प्रकारात. दोन कमिट्या दारात वाद घालत उभ्या होत्या आणि गिऱ्हाईक खिडकीतून निघून गेलं.

पण खरा मोठा राडा टी-एमपीएलएसचा. एमपीएलएस आयईटीएफचं, पॅकेटवर एक लेबल चिकटवायचं आणि पुढचे राउटर फक्त लेबल बघून पुढे ढकलतात. टेलिकॉम कंपन्यांना हे आवडलं पण त्यांच्या जुन्या नेटवर्कसारखं हवं होतं, म्हणजे रस्ते आधीच ठरलेले, लिंक तुटली की क्षणात पर्यायी रस्ता, आणि देखरेखीची पक्की साधनं. आयटीयू-टीने २००६ च्या आसपास एमपीएलएसचे काही भाग घेऊन, काही वगळून आणि काही आपले घालून टी-एमपीएलएस बनवलं. आता ट्रान्सपोर्ट नेटवर्क हा त्यांचा स्कोप, त्यामुळे त्यांच्या बाजूने बघितलं तर काही चुकीचं नव्हतं.

घोळ कुठे झाला तर टी-एमपीएलएसच्या फ्रेमवर इथरटाइप तोच होता जो खऱ्या एमपीएलएसचा, हेक्समध्ये ८८४७. राउटरला फ्रेम आली की तो हाच नंबर बघून ठरवतो आत काय आहे. नंबर एक आणि आतले नियम दोन, म्हणजे एका नेटवर्कचं पॅकेट चुकून दुसऱ्यात गेलं तर समोरचं यंत्र ते आपलंच समजून आपल्या नियमाने वाचणार आणि चूक झालीये हे त्याला कळायचा काही मार्गच नाही. आयईटीएफ यावरून उसळली, आणि त्यांचा राग नुसता मानापमानाचा नव्हता असं मला वाटतं, कारण वेगळा नंबर घेतला असता तर अर्ध्या तक्रारी तिथेच संपल्या असत्या. २००८ मध्ये दोघांची एकत्र टीम बसली, तिचा निष्कर्ष आरएफसी ५३१७ म्हणून २००९ मध्ये आला : प्रोटोकॉल आयईटीएफच्या पद्धतीने बनेल, गरजा आयटीयू-टीकडून येतील, नाव एमपीएलएस-टीपी. त्याच वर्षी आयएबीने, म्हणजे इंटरनेटच्या आर्किटेक्चरवर लक्ष ठेवणाऱ्या बोर्डाने, आरएफसी ५७०४ काढला, ज्याच्या शीर्षकाचा सरळ अर्थ असा की एकमेकांना न विचारता प्रोटोकॉल बनवणं घातक आहे. स्टँडर्डवाल्यांच्या मिळमिळीत भाषेत हे म्हणजे जवळजवळ शिवी.

मिटलं? छे. आता वाद आला देखरेखीच्या साधनांवर, म्हणजे लिंक जिवंत आहे का, पॅकेट किती हरवले, उशीर किती. आयईटीएफ म्हणे आमच्या एमपीएलएसमध्ये आधीपासून असलेली साधनं वाढवू, आणि काही टेलिकॉम कंपन्या आणि बनवणारे म्हणे आम्ही आयटीयूच्या वाय.१७३१ या देखरेखीच्या स्टँडर्डवर आधीच यंत्रं उभी केलीत, तेच चालवा. फेब्रुवारी २०११ मध्ये आयटीयू-टीच्या स्टडी ग्रुप १५ ने दुसऱ्या पद्धतीचा मसुदा मतदान घेऊन पुढे सरकवला, आणि आयईटीएफच्या लोकांना हा समझोता मोडल्यासारखा वाटला. २०१२ मध्ये एकच उपाय का हवा हे सांगायला आयईटीएफकडून आरएफसी ६६७० निघाला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुबईला आयटीयू-टीच्या मोठ्या सभेत दोन्ही पद्धती मंजूर झाल्या, जी.८११३.१ आणि जी.८११३.२. आणि आयईटीएफने शेवटी वाय.१७३१ वाल्या पद्धतीसाठी, म्हणजे जी.८११३.१ साठी, एक वेगळा कोड पॉइंट दिला, आरएफसी ६६७१. म्हणजे जे सुरुवातीला व्हायला हवं होतं, वेगळ्या गोष्टीला वेगळा नंबर, ते इतक्या वर्षांनी झालं.

यात दोन संस्थांचा स्वभावही आड येतो. आयईटीएफमध्ये औपचारिक मतदान नसतं, साधारण एकमत झालं का ते बघतात, कधी खोलीत हमिंग करून अंदाज घेतात, आणि कोणीही माणूस मेलवर येऊन भांडू शकतो. आयटीयू-टीमध्ये शेवटी देशांचा शब्द चालतो. एकाला वाटतं समोरचे राजकारण करतात, दुसऱ्याला वाटतं यांच्यात जबाबदार कोण तेच कळत नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

काही वाद कागदावर दिसतही नाहीत. थ्रीजीपीपीने एलटीई, म्हणजे फोरजी, ५ गिगाहर्ट्झच्या परवाना न लागणाऱ्या पट्ट्यात आणायचं ठरवलं तेव्हा त्यांचा स्कोप मोबाइल आणि ८०२.११ चा वायफाय, कुठेच ओव्हरलॅप नाही, पण हवा एकच! हवेत दुसऱ्या कोणाचा आवाज आहे म्हणून गप्प कधी बसायचं, त्याची पातळी वायफायमध्ये परक्या सिग्नलसाठी -६२ डीबीएम आणि एलटीईवाल्यांनी घेतलेली -७२. थ्रीजीपीपी म्हणे तुम्हीही -७२ घ्या, वायफायवाले म्हणे आम्ही इथे आधीपासून आहोत, तुम्ही आमचा प्रीॲम्बल, म्हणजे फ्रेमच्या सुरुवातीचा ओळखीचा सिग्नल, ऐकायला शिका. पत्रापत्री बरीच झाली, पण एका कमिटीला दुसरीवर हुकूम सोडता येत नाही त्यामुळे पत्र हेच काय ते हत्यार.

वेगळी ओळख सिद्ध करायला लोक काय काय करतात याचा नमुना म्हणजे ८०२.२०. ८०२.१६ या लांब पल्ल्याच्या वायरलेस ब्रॉडबँडच्या ग्रुपमध्ये चालत्या गाडीतल्या ब्रॉडबँडचं काम, ८०२.१६ई, निघत होतं आणि त्याच सुमाराला ८०२.२० सुद्धा, तेही चालत्या गाडीतलंच ब्रॉडबँड. फरक दाखवायचा तर स्कोपमध्ये लिहिलं ताशी २५० किलोमीटरपर्यंतचा वेग आणि ३.५ गिगाहर्ट्झच्या खालचे परवान्याचे पट्टे. गाडी किती जोरात पळते यावर दोन कमिट्या वेगळ्या! पुढे ८०२.२० मधलं भांडण इतकं वाढलं की जून २००६ मध्ये आयट्रिपलईच्या स्टँडर्ड बोर्डाने पारदर्शकता नाही आणि काहींचं वर्चस्व असू शकतं म्हणून त्या ग्रुपचं कामच काही महिने थांबवलं. आणि हे जुनं झालं असं समजू नका, प्रकाशावरून डेटा पाठवायची २०२३ मध्ये दोन स्टँडर्ड आली, ८०२.११बीबी आणि ८०२.१५.१३, दोन्ही त्याच ८०२ च्या छताखाली.

चांगलीही उदाहरणं आहेत, ती सांगायला हवीत. ब्रिजच्या मॅनेजमेंटच्या व्याख्या वर्षानुवर्षं आयईटीएफ लिहीत होती, पण ब्रिजची जाण ८०२.१ कडे, म्हणून २००६ मध्ये ते काम रीतसर त्यांच्याकडे सोपवलं, आरएफसी ४६६३ त्यासाठीच आहे. घरातल्या ऑडिओ-व्हिडिओसाठी इथरनेटचं काम ८०२.३ मध्ये सुरू झालं होतं, ते २००५ मध्ये ८०२.१ कडे गेलं कारण त्यात खरं काम स्विचचं होतं, आणि आज कारखान्यांत वापरतात ते टाइम सेन्सिटिव्ह नेटवर्किंग त्यातूनच वाढलं. तीच वेळेची हमी राउटरपलीकडे न्यायची वेळ आली तेव्हा २०१५ मध्ये आयईटीएफमध्ये डेटनेट ग्रुप झाला आणि दोन्हीकडे काही माणसं तीच होती. माझ्या मते हे शेवटचंच खरं कारण, लायझन पत्रं, म्हणजे एका कमिटीने दुसरीला पाठवायची अधिकृत पत्रं, हजार लिहा पण दोन्ही खोल्यांत बसणारी चार माणसं असली की निम्मे वाद जेवणाच्या सुट्टीतच सुटतात.

तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर कुठलाही ८०२ चा पार उघडा, ते सगळे जाहीर असतात. त्यातल्या ५.२ नंबरच्या भागात स्कोप आहे तो वाचा, मग थेट ७.१ वर जा, तिथे प्रश्न आहे की अशाच स्कोपचं दुसरं स्टँडर्ड किंवा प्रोजेक्ट आहे का. उत्तर 'नाही' असलं तर शेजारच्या ग्रुपने त्यावर काय शेरे मारले तेही शोधून वाचा, आणि मग ५.२ परत वाचा, आता त्यातला 'फक्त' किंवा 'वगळून' असा एखादा शब्द तिथे का आलाय ते लगेच लक्षात येईल.